ब्रेड मशीनमध्ये ब्रेड बिघडतो कुठे? मोजण्यापासून कापण्यापर्यंत, क्रमाने

ब्रेड मशीनला डोळे नसतात, घड्याळ असतं. ठरलेली मिनिटं ते मळतं, ठरलेली मिनिटं थांबतं आणि ठरलेल्या वेळी भाजायला घेतं. आतलं पीठ कोरडं पडलंय, सैल झालंय, फुगायचं राहिलंय की फुगून झाकणाला टेकलंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हाताने ब्रेड करणारा माणूस गोळा घट्ट लागला तर पाण्याचा हात लावतो, थंडी असेल तर अर्धा तास जास्त थांबतो. मशीन यातलं काहीच करत नाही. म्हणून ब्रेड बिघडतो तो बहुतेक वेळा बटण दाबण्याआधीच. आणि तो सावरता येतो तो मळायला सुरुवात झाल्यावरच्या पहिल्या पंधरा मिनिटांत.

हातात एक प्रमाण असलेलं बरं, म्हणून साध्या पांढऱ्या ब्रेडचं देतो. ज्या मशीनवर मध्यम आकार साधारण ७०० ग्रॅम लिहिलेला असतो, त्यासाठी:

- मैदा ४०० ग्रॅम
- पाणी २५० ग्रॅम
- बटर किंवा तेल २० ग्रॅम
- साखर १२ ग्रॅम
- मीठ ७ ग्रॅम
- इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम

पहिले दोन-चार ब्रेड याच प्रमाणात करा. लसूण, चीज, ओट्स, बेदाणे हे सगळं नंतर. साधा ब्रेड नीट येत नसताना त्यात भर घातली तर नेमकं काय चुकलं ते कधीच कळत नाही.

टप्पा १: मशीन तयार करणं

नवं मशीन असेल तर भांडं आणि पातं कोमट साबणपाण्याने धुऊन, पुसून घ्या. मग पुस्तिकेत सांगितलं असेल तसं एकदा रिकामं तापवा. कारखान्यातल्या तेलाचा वास येतो, तो पहिल्या ब्रेडमध्ये नको.

मशीन ओट्याच्या कडेपासून आत ठेवा. घट्ट पीठ मळताना ते हादरतं आणि हळूहळू सरकत जातं. मशीन खाली पडल्याच्या बहुतेक घटना अशाच घडतात. वाफेची भोकं भिंतीला किंवा वरच्या कपाटाला चिकटलेली नकोत.

पुस्तिकेतून दोन गोष्टी शोधून झाकणाच्या आतल्या बाजूला नाही, पण जवळपास कुठेतरी चिकटवून ठेवा: तुमच्या मशीनला जास्तीत जास्त किती पीठ चालतं, आणि साहित्य कोणत्या क्रमाने घालायचं.

तपासा: पातं दांड्यावर पूर्ण खाली बसलं आहे ना? अर्धवट बसलेलं पातं मळताना सुटतं आणि अर्धं पीठ कोरडंच राहतं. पातं लावायचं विसरून सगळं साहित्य ओतणं तर इतकं सर्रास होतं की आधी पातं, मग बाकीचं, अशी सवयच लावून घ्यावी.

टप्पा २: साहित्य पारखणं

पिठात प्रथिनं किती आहेत ते पाकिटावर पाहा. दर १०० ग्रॅमला ११ ते १३ ग्रॅम असतील तर ब्रेड उंच येतो. ९-१० च्या आसपास असतील तर तो येतो, पण बसका आणि भुसभुशीत. अशा पिठाला पाणीही १०-१५ ग्रॅम कमी लागतं.

सगळं गव्हाचं पीठ वापरून मैद्यासारख्या उंचीची अपेक्षा ठेवू नका. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या, म्हणजे मळताना पिठातल्या प्रथिनांच्या बनणाऱ्या लवचीक जाळ्याला छेद देतात आणि पाणीही जास्त पितात. सुरुवात निम्म्या-निम्म्याने करा आणि पाणी २६५ ते २७० ग्रॅम घ्या. पूर्ण गव्हाच्या पिठाला ४०० ग्रॅममागे २८० ते २९० ग्रॅम पाणी लागू शकतं. जात्यावर बारीक दळलेलं पीठ आणखी मागेल. ते किती, हे टप्पा ६ मध्ये गोळाच सांगतो.

आता यीस्ट. मशीनसाठी इन्स्टंट यीस्ट सगळ्यात सोयीचं, कारण ते आधी भिजवावं लागत नाही. टपोऱ्या दाण्याचं अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर इन्स्टंटच्या सव्वापट घ्या आणि पाककृतीतल्याच थोड्या कोमट पाण्यात आधी विरघळवून घ्या. ओलं, ताजं यीस्ट तिप्पट लागतं. पाकीट फोडल्यावर उरलेलं यीस्ट हवाबंद डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा. स्वयंपाकघरातल्या उघड्या डब्यात ते आठवड्यांत मरतं, आणि दिसायला अगदी जिवंत असल्यासारखंच दिसतं.

तपासा: यीस्टची शंका असेल तर १०० मिली कोमट पाण्यात अर्धा चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट घालून दहा मिनिटं थांबा. कोमट म्हणजे ३५ ते ४० अंश, मनगटावर थेंब टाकला तर ना गरम ना गार लागेल असं. वर जाडसर फेस आला तर यीस्ट चांगलं आहे. चार बुडबुडे आले तर फेकून द्या. "जरा जास्त घालून बघू" ही युक्ती मेलेल्या यीस्टवर चालत नाही.

मिठाबद्दल एक गैरसमज आहे: मीठ यीस्टला मारतं, मग ते कमी घालावं. मीठ यीस्टचा वेग आवरतं आणि ग्लुटेनला घट्टपणा देतं. ते काढून टाकलं की ब्रेड भराभर फुगतो आणि भाजताना मधोमध खचतो. वर चवही सपक. मीठ थोडं कमी करायचं असेल तर यीस्टही थोडं कमी करा.

टप्पा ३: मोजणं

वजनकाट्याशिवाय मशीनचा ब्रेड दर वेळी सारखा येणं हा योगायोग असतो. एक कप मैदा सैल भरला तर १२० ग्रॅम, दाबून भरला तर १५० ग्रॅम. तीन कपांत हा फरक ९० ग्रॅमपर्यंत जातो, आणि मशीन ते ओळखत नाही.

पाणीही वजनानेच घ्या. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे वेगळं भांडं लागत नाही. उलट गडबड होते ती यीस्ट आणि मिठाची. साध्या काट्याला ४ ग्रॅम नीट कळत नाहीत. तो ३ दाखवेल किंवा ५. इथे ५ मिलीचा मोजमापाचा चमचा वापरा, सुरीच्या पाठीने सपाट करून. इन्स्टंट यीस्टचा एक सपाट चमचा साधारण ३ ग्रॅम, बारीक मिठाचा साधारण ६ ग्रॅम. म्हणजे वरच्या प्रमाणाला यीस्ट सव्वा चमचा आणि मीठ सव्वा चमच्याला जरा कमी. चहाचा चमचा मोजमापाचा नसतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

दूध वापरायचं असेल तर पाण्यापेक्षा दहावा भाग जास्त घ्या, कारण दुधात सुमारे ८७ टक्केच पाणी असतं. अंडं घालायचं असेल तर ते काट्यावरच्या भांड्यात फोडा आणि त्यावर पाणी ओतून एकूण २५० ग्रॅम करा. अंडं वरून घालून पाणी तेवढंच ठेवणं म्हणजे गोळ्याचा रबडा.

पाण्याचं तापमान हवेप्रमाणे ठरतं. मळून झालेलं पीठ २४ ते २७ अंशांच्या आसपास हवं असतं, आणि मळण्याच्या घर्षणानेही ते तापतं. स्वयंपाकघर ३० अंशांच्या वर असेल तर फ्रीजमधलं गार पाणी घ्या आणि यीस्ट ४ ऐवजी ३ ग्रॅम. कडक थंडी असेल तर किंचित कोमट पाणी घ्या. गरम पाणी कधीच नाही. ५५-६० अंशांना यीस्ट संपतं.

टप्पा ४: भरण्याचा क्रम

भांडं मशीनमधून बाहेर काढून भरा. आत ठेवून ओतलं की सांडलेला मैदा आणि थेंब तापत्या कॉइलवर पडतात, मग प्रत्येक वेळी जळका वास.

बहुतेक मशीनमध्ये क्रम असा असतो:

1. पाणी किंवा दूध
2. बटर किंवा तेल
3. मीठ एका कोपऱ्यात, साखर दुसऱ्या कोपऱ्यात
4. पीठ, पाणी पूर्ण झाकलं जाईल असं
5. पिठाच्या मध्यावर बोटाने खळगा करून त्यात यीस्ट. खळगा पाण्यापर्यंत पोचू द्यायचा नाही.

काही कंपन्यांच्या मशीनमध्ये हाच क्रम उलटा असतो: यीस्ट तळाशी, त्यावर पीठ, पाणी शेवटी. दोन्हींमागचं कारण एकच, मळायला सुरुवात होईपर्यंत यीस्ट कोरडं राहावं आणि मिठापासून लांब राहावं. तेव्हा वाद न घालता तुमच्या पुस्तिकेतला क्रम पाळा. लगेच सुरू करणार असाल तर क्रमातल्या चुकीने फारसं बिघडत नाही. टायमर लावणार असाल तर सगळं बिघडतं.

सावध: टायमर लावून रात्रभर ठेवताना दूध, अंडं, दही, ताजं चीज वापरू नका. तासन्‌तास उबेत ते नासतं. दुधाच्या चवीसाठी दूधपावडर पिठात मिसळा आणि ओलावा फक्त गार पाण्याचा ठेवा.

टप्पा ५: प्रोग्राम निवडणं

साध्या ब्रेडचा प्रोग्राम तीन ते चार तासांचा असतो. पहिल्यांदा तोच. आकार आणि कवचाचा रंगही आत्ताच निवडा, नंतर बदलता येत नाही. ४०० ग्रॅम पीठ घालून सगळ्यात मोठा आकार निवडला तर भाजण्याची वेळ वाढते आणि कवच जाड, कोरडं होतं.

गव्हाच्या पिठाच्या प्रोग्राममध्ये अनेक मशीन पहिली २०-३० मिनिटं नुसती बसून राहतात. साहित्याला ऊब मिळावी आणि कोंडा भिजावा यासाठी ती वेळ असते. मशीन बिघडलं समजून बंद-चालू करू नका.

झटपट प्रोग्राम हा माझ्या मते मशीनमधला सर्वांत निरुपयोगी भाग आहे. फुगण्याची वेळ कापून ती जास्त यीस्टने भरून काढायची, म्हणजे ब्रेड होतो, पण यीस्टचा वास मारतो आणि दुसऱ्या दिवशी भुगा होतो.

टप्पा ६: गोळा पाहणं

लोक नेमका हाच टप्पा गाळतात. झाकण उघडलं तर ब्रेड बसतो, अशी भीती असते. ती फुगताना आणि भाजताना खरी आहे. मळताना झाकण उघडल्याने काहीही होत नाही.

मळायला लागून सात-आठ मिनिटं झाली की उघडा. त्याआधी पाहू नका, कारण पीठ अजून पाणी शोषत असतं आणि सगळं विस्कटलेलंच दिसतं. कोपऱ्यांत कोरडं पीठ अडकलेलं असेल तर रबरी किंवा लाकडी उलथन्याने खाली ढकला, पात्यापासून लांब राहून. नाहीतर तेच पीठ ब्रेडच्या अंगावर पांढऱ्या कवचासारखं भाजून निघतं.

आता गोळ्याकडे नीट पाहा. हवा तसा गोळा एकसंध, गुळगुळीत असतो. भिंती त्याने पुसून स्वच्छ केलेल्या असतात, तळाशी पात्याजवळ थोडंसं चिकटलेलं चालतं. बोट लावलं तर किंचित चिकटतं आणि सुटून येतं, बोटावर पीठ राहत नाही. दाबलेली खूण हळूहळू भरून येते.

गोळा कोरडा असेल तर तो भांड्यावर ठकठक आपटतो, मशीन कण्हतं, गोळ्याला भेगा पडतात, किंवा एकाऐवजी दोन-तीन तुकडे फिरत राहतात. एक छोटा चमचा पाणी घाला. मग थांबा. दोन मिनिटांनी पुन्हा पाहा, लागलं तर आणखी एक.

गोळा सैल असेल तर तो गोळाच नसतो, तळाशी पसरलेला चिखल असतो आणि पातं त्यातून नुसतं फिरतं. एक मोठा चमचा पीठ भुरभुरवा, दोन मिनिटं थांबा, पाहा.

घाई इथेच नडते. तीन चमचे पाणी एकदम ओतलं की गोळा पाण्यात घसरत फिरतो, चिखल दिसतो, म्हणून पीठ टाकलं जातं, मग पुन्हा पाणी. दर वेळी थोडं आणि मध्ये थांबणं, एवढंच करायचं. गव्हाच्या पिठाचा गोळा या वेळी किंचित जास्त चिकट दिसला तर हात लावू नका. कोंडा पाणी ओढत राहतो आणि पुढच्या वीस मिनिटांत तो घट्ट होतो.

किती पाणी किंवा पीठ वाढवलं ते लिहून ठेवा. त्याच पिठाच्या पुढच्या ब्रेडला ते सुरुवातीलाच मोजून घालता येतं.

टप्पा ७: वरून घालायचे जिन्नस, आणि पातं

बेदाणे, अक्रोड, बिया सुरुवातीला घातल्या तर त्यांचा भुगा होतो. मशीन मध्येच शिटी देतं, तेव्हा घाला. शिटी नसेल तर मळणं संपायच्या पाच मिनिटं आधी. ४०० ग्रॅम पिठाला सगळे मिळून ८० ग्रॅमपर्यंत ठीक. भिजवलेले बेदाणे कोरडे पुसून घाला, त्यांचं पाणी गोळ्यात उतरतं.

दालचिनी आणि कच्चा लसूण यीस्टचं काम मंदावतात. त्यांची चव हवी असेल तर प्रमाण अगदी कमी ठेवा. साखरही पिठाच्या दहाव्या भागापलीकडे गेली की फुगणं रेंगाळतं.

ब्रेडच्या बुडाला पात्याचं भोक नको असेल तर शेवटचं मळणं किंवा फुगलेल्या पिठातली हवा काढणं झाल्यावर, अंतिम फुगणं सुरू व्हायच्या आत, ओल्या हाताने गोळा उचला, पातं काढा, गोळ्याला आकार देऊन परत ठेवा. हे वेळापत्रक पुस्तिकेत असतं. जमत नसेल तर भोक राहू द्या, चवीला काही होत नाही.

सावध: यानंतर झाकण बंद. फुगताना आत जमलेली ऊब आणि ओल निघून गेली की वरचा भाग सुकतो. भाजायला सुरुवात झाल्यावर उघडलं तर ब्रेड खचतो.

टप्पा ८: बाहेर काढणं

मशीन संपल्याची शिटी देतं आणि बहुतेक मशीन मग ऊब धरून ठेवतात. त्या उबेवर तासभर ठेवलेल्या ब्रेडचं कवच ओलसर होतं, बाजू आत ओढल्या जातात. शिटी झाली की पाच मिनिटांत काढा. जाड हातमोजे हवेत, कारण भांड्याची कडीही तापलेली असते.

टोकदार थर्मामीटर असेल तर मधोमध खुपसा. ९३ ते ९६ अंश म्हणजे झालं. नसेल तर बूड ठोकून पाहा, पोकळ आवाज यायला हवा. कच्चा वाटला तर फक्त भाजण्याचा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा.

भांडं उलटं करून दोन-तीनदा झटका द्या. निघत नसेल तर तळाखालचा दांडा थोडा फिरवा. सुरी घालू नका, आतला न चिकटणारा थर एकदा ओरखडला की पुढचा प्रत्येक ब्रेड चिकटणार.

तपासा: पातं भांड्यात आहे की ब्रेडच्या पोटात? कापण्याआधी शोधा.

टप्पा ९: गार करणं, कापणं, ठेवणं

जाळीवर ठेवा, खालून हवा लागेल असा. किमान एक तास, गव्हाचा असेल तर दोन. गरम ब्रेडमधलं स्टार्च अजून बसत असतं आणि वाफ बाहेर पडत असते. लगेच कापला तर सुरीला गोंद लागतो आणि लोक समजतात की ब्रेड कच्चा राहिला. पुढच्या वेळी ते पाणी कमी करतात, आणि मग खरोखरच वीट होते.

कापायला दातेरी सुरी घ्या, दाबू नका, करवतीसारखी चालवा.

ब्रेड फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथे तो बाहेरपेक्षा लवकर शिळा होतो. दोन दिवसांचा बाहेर कापडात किंवा डब्यात, बाकीचा काप करून फ्रीजरमध्ये. यात टिकवणारं रसायन नसतं, त्यामुळे दमट हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी दिसू शकते.

बिघडलाच तर: ब्रेड पाहून कारण ओळखणं

- वर खड्डा पडला: पाणी किंवा यीस्ट जास्त, हवा गरम, किंवा मीठ विसरलं. आधी पाणी १० ग्रॅम कमी करून पाहा.
- बसका आणि जड: यीस्ट मेलेलं किंवा पाणी कमी. गोळा पाहिला होता का?
- छत्रीसारखा वर आला, झाकणाला टेकला: भांड्याच्या मानाने पीठ जास्त, किंवा यीस्ट जास्त.
- मोठी, वेडीवाकडी भोकं: मीठ कमी किंवा पाणी जास्त.
- बाजू आत दबल्या: मशीनमध्ये पडून राहिला.
- कवच फिकट: साखर फार कमी, किंवा कवचाचा रंग हलका निवडला गेला.

एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर सुधारला तरी कशाने ते कळणार नाही.

वीज गेली तर काही मशीन थोड्या मिनिटांपर्यंत जागा लक्षात ठेवतात, काही ठेवत नाहीत. मळताना गेली असेल तर पुन्हा पहिल्यापासून मळून घ्यायला हरकत नाही. फुगताना गेली तर तसाच दुप्पट होऊ द्या आणि वीज आल्यावर फक्त भाजण्याचा प्रोग्राम लावा, किंवा ओव्हनमध्ये १८० अंशांवर अर्ध्या ते पाऊण तासात भाजा.

धुणं आणि दुसरा ब्रेड

भांडं पाण्यात बुडवू नका, तळाच्या दांड्याचं बेअरिंग त्याने खराब होतं. आत कोमट पाणी भरून पंधरा मिनिटं ठेवा, मऊ कापडाने पुसा. पात्याच्या भोकात पीठ साचतं, ते लाकडी काडीने काढा. साचू दिलं तर पातं दांड्यावर घट्ट बसतं आणि निघेनासं होतं.

लागोपाठ दुसरा ब्रेड लावायचा असेल तर झाकण उघडं ठेवून मशीन पूर्ण गार होऊ द्या, अर्धा तास तरी. बरीच मशीन तापलेली असताना सुरूच होत नाहीत, पडद्यावर खुणेची अक्षरं दाखवून अडून बसतात. आणि एखादं सुरू झालंच, तर तापलेल्या भांड्यात पीठ वेळेआधी फुगतं आणि भाजायला घेईपर्यंत खाली बसलेलं असतं.